सहा फूट साडेतीन इंचांचा पाहुणा

परवा माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीवर बसायला मला मनाई झाली.

सकाळची वेळ होती. हातात वर्तमानपत्र घेऊन मी खिडकीजवळच्या माझ्या वेताच्या खुर्चीकडे निघालो होतो. टेकणार, तोच पाच वर्षांची नात किंचाळली, "आजोबा, थांबा! तिथे गुबगुब बसलाय!"

मी दचकून मागे सरलो. खुर्ची रिकामी होती. निदान मला तरी रिकामी दिसत होती.

चौकशीअंती समजलं ते असं. गुबगुब हा हत्ती आहे. रंगानं पिवळा, आकारानं मांजराएवढा. त्याला उपमा आवडत नाही, आणि तो खात नाही म्हटल्यावर नात तरी एकटी कशी खाणार? त्याला रात्री अंधाराची भीती वाटते, म्हणून पलीकडच्या खोलीतला दिवा चालू ठेवावा लागतो. गेले दोन महिने हे महाशय आमच्या घरी मुक्कामाला आहेत आणि परत जाण्याचं नाव काढत नाहीत.

सूनबाई मात्र काळजीत पडली होती. "बाबा, हे दिवसेंदिवस वाढतच चाललंय. काल शाळेच्या बसमध्ये तिनं त्याच्यासाठी जागा धरून ठेवली. डॉक्टरांना दाखवून यावं का?" मुलगा हसला आणि म्हणाला, "डॉक्टरांकडे उद्या जाऊ. आज रात्री तुम्ही सगळे एक सिनेमा पाहा." तो स्वतः मात्र पहिल्या दहा मिनिटांत घोरायला लागला.

त्या सिनेमाचं नाव 'हार्वी'. १९५० सालचा अमेरिकन चित्रपट, काळापांढरा, पावणेदोन तासांचा. दिग्दर्शक हेन्री कॉस्टर आणि नायक जेम्स स्टुअर्ट. तोच तो उंच, सडपातळ, अडखळत बोलणारा, शेजारच्या बिऱ्हाडातला वाटणारा नट. इथे तो झाला आहे एलवुड डाउड नावाचा चाळिशी उलटलेला ब्रह्मचारी. आईनं मागे ठेवलेल्या मोठ्या घरात विधवा बहीण व्हीटा आणि तिची लग्नाची मुलगी यांच्यासह तो राहतो. नोकरीधंदा नाही. दिवसाकाठी गावातल्या एकदोन गुत्त्यांत बसायचं, दिसेल त्याला नमस्कार करायचा, खिशातून आपलं कार्ड काढून द्यायचं आणि घरी जेवायला बोलवायचं, एवढाच त्याचा उद्योग. आपण 'या एकदा घरी' म्हणतो आणि समोरचा आला तर आपलीच धांदल उडते. हा मात्र खरोखरच बोलावतो. कोणी नुसत्या रिवाजानं 'आपली काही सेवा?' असं विचारलं, की हा लगेच उलट विचारतो, 'म्हणजे काय बरं करावं म्हणता?'

असा हा भला माणूस. भानगड एकच. त्याच्याबरोबर सदा एक मित्र असतो. हा मित्र म्हणजे दोन पायांवर चालणारा, सहा फूट साडेतीन इंच उंचीचा पांढरा ससा. नाव हार्वी. तो एलवुडखेरीज कोणाला दिसत नाही.

तुम्ही म्हणाल, मग पडद्यावर दिसतं तरी काय? काहीच नाही, आणि खरी गंमत तीच आहे. स्टुअर्ट दार उघडतो आणि आधी दुसऱ्या कोणाला तरी आत जाऊ देतो. गुत्त्यात शेजारची खुर्ची ओढून ठेवतो. मान किंचित वर करून, जरा उंच माणसाशी बोलावं तसा बोलतो, थांबतो, ऐकतो, मान डोलावतो. कॅमेराही असा शहाणा, की चौकटीत सशापुरती जागा रिकामी सोडतो. अर्ध्या तासात अशी अवस्था होते, की एलवुड एकटा दिसला तर आपणच विचारू लागतो, हार्वी कुठे गेला?

हा ससा 'पूका' आहे असं चित्रपटात सांगितलं आहे. पूका म्हणजे आयरिश लोककथांतली प्राण्याचं रूप घेणारी एक खोडकर शक्ती. आपल्या कोकणातल्या माणसाला हे फार समजावून सांगायला नको. गावची शीव राखणारा, रात्री वाटेनं सोबत करणारा देवचार ज्यानं लहानपणी ऐकला आहे, त्याला रस्त्याच्या दिव्याच्या खांबाला टेकून उभा असलेला आणि 'नमस्कार डाउडसाहेब' म्हणणारा ससा लांबचा नातेवाईकच वाटेल. एलवुडला हार्वी भेटला तो अगदी असाच. गंमत म्हणजे सशानं नावानं हाक मारली याचंसुद्धा त्याला नवल वाटलं नाही. छोट्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतातच, असं त्याचं म्हणणं!

मुळात हे नाटक. लेखिका मेरी चेस. डेन्व्हर शहरात राहणारी, एके काळी वर्तमानपत्रात बातमीदारी केलेली, मुलंबाळं असलेली गृहिणी. दुसरं महायुद्ध चालू होतं. तिच्या शेजारी एक विधवा बाई राहत होती आणि तिचा एकुलता एक मुलगा युद्धात कामास आला होता. ती बाई रोज समोरून जाताना दिसे. हिला हसवता येईल असं काही आपल्याला लिहिता येईल का, असा प्रश्न मेरीबाईंना पडला, आणि त्या प्रश्नातून हे नाटक जन्माला आलं. १ नोव्हेंबर १९४४ ला ते न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर लागलं आणि त्याचे १,७७५ प्रयोग झाले. १९४५ चं पुलित्झर पारितोषिक त्यालाच मिळालं. एका दुःखी शेजारणीसाठी लिहिलेल्या विनोदानं युद्धानं पोळलेल्या अख्ख्या देशाला हसवलं.

आता कथेची खरी गाठ. ती सशात नाही, बहिणीत आहे. व्हीटाबाईंनी एक दिवस गावातल्या प्रतिष्ठित बायकांना घरी बोलावलेलं असतं. उद्देश स्वच्छ आहे. मुलगी चारचौघींत वावरावी, कोणाच्या तरी नजरेत भरावी. चहाफराळ, गाणं, सगळं यथास्थित चालू असतं. एवढ्यात एलवुड घरी येतो आणि अत्यंत अदबीनं एकेका बाईची सशाशी ओळख करून देतो. क्षणात बैठक रिकामी! ज्या घरात असा मामा, त्या घरातल्या मुलीशी लग्न कोण करणार? व्हीटाबाई कपाळाला हात लावतात आणि भावाला एका खासगी वेड्यांच्या इस्पितळात घेऊन जातात.

तिथला प्रसंग मी तीनदा मागे नेऊन पाहिला. तरुण डॉक्टरांसमोर बसून व्हीटाबाई भावाचं गाऱ्हाणं सांगताहेत. सांगता सांगता त्यांचा बांध फुटतो आणि त्या हळूच कबूल करून टाकतात, की कधीकधी तो मेला ससा आपल्यालासुद्धा दिसतो! डॉक्टर काय समजायचं ते समजतात. भावाची क्षमा मागून त्याला सोडून दिलं जातं आणि बहिणीला उचलून थेट गरम पाण्याच्या उपचारासाठी टबात घातलं जातं. ही भूमिका जोसेफिन हल नावाच्या बुटक्या, गुबगुबीत म्हाताऱ्या नटीनं अशी केली आहे, की हसता हसता पुरेवाट होते. साहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर तिला मिळालं. स्टुअर्टला नुसतं नामांकन मिळालं, पारितोषिक नाही.

पण शेवट जवळ आला आणि आमच्या बैठकीतलं हसणं हळूहळू थांबलं. डॉक्टरांनी एक औषध सुचवलेलं असतं. एक सुई टोचली, की ससा कायमचा नाहीसा. एलवुड निमूटपणे तयार होतो. का, तर बहिणीची तशी इच्छा आहे. तो आतल्या खोलीत जातो. बाहेर टॅक्सीवाला भाड्यासाठी खोळंबलेला. व्हीटाबाईंना पर्समधली पैशांची चिमुकली थैली सापडत नाही, म्हणून त्या एलवुडला बाहेर बोलावतात. तो पैसे देतो, ड्रायव्हरची विचारपूस करतो, त्यालाही जेवायचं आमंत्रण देतो आणि पुन्हा आत जातो. मग ड्रायव्हर व्हीटाबाईंना सांगतो. वर्षानुवर्षं मी ह्या रस्त्यानं माणसं आणतोय. येताना ती मजेत असतात. वाटेत थांबून पाखरं बघतात, सूर्यास्त बघतात, माझ्याशी गप्पा मारतात, वर बक्षिसी देतात. ती सुई घेतली, की परतताना माझ्यावरच खेकसतात. गाडी हळू का, वळण जोरात का! बाई, तुमचे भाऊ आता चारचौघांसारखे होतील, आणि चारचौघं कसे असतात ते तुम्हाला ठाऊकच आहे.

एवढं ऐकून व्हीटाबाई उठतात आणि डॉक्टरांच्या दारावर दोन्ही मुठींनी धडाधडा ठोकू लागतात. नको ती सुई! मला माझा भाऊ आहे तसाच हवा!

१९५० सालच्या प्रेक्षकाला हा प्रसंग केवळ गमतीचा वाटला नसेल. आदल्याच वर्षी, मेंदूतले तंतू छेदून मनोरुग्णांना शांत करण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल एगास मोनिझ ह्या पोर्तुगीज डॉक्टरांना नोबेल पारितोषिक विभागून मिळालं होतं. माणूस 'शांत' होणं आणि माणूस नाहीसा होणं, ह्यांतला फरक जगाला पुढे कळला.

चित्रपट संपला. सूनबाई डोळे पुसत उठली आणि मुलीच्या अंगावरचं पांघरूण सारखं करायला आत गेली. आमची ही मात्र तशीच बसून होती. म्हणाली, "बाई शेवटी शहाणी निघाली हो! वेळेवर दार ठोठावलंन्."

मी काही बोललो नाही. माझ्यासमोर टीव्हीचा पडदा नव्हता, गिरगावातल्या आमच्या चाळीतल्या दोन खोल्या होत्या, आणि एक लाकडी स्टूल होतं.

माझी आत्या विधवा झाल्यावर आमच्याकडे राहायला आली. मूलबाळ नव्हतं. आतोबा पोस्टात होते. रोज साडेचारला घरी येऊन ते चहा घेत. आमच्या घरी आल्यावर आत्यानं पहिल्या दिवशी साडेचारला दोन कप चहा ओतला. एक आपल्यापुढे ठेवला, दुसरा समोरच्या स्टुलापुढे. "घ्या, निवतोय," म्हणाली. मग पंधरा मिनिटं बोलत बसली. आज भाजीवाल्यानं काय भाव लावला, वरच्या मजल्यावरच्या सुनेला दिवस गेले, नळाला पाणी किती वाजता आलं, सगळं. मधूनच थांबायची, ऐकायची, हसायची. शेवटी दुसरा कपही स्वतःच संपवायची. "हे म्हणाले, तूच घे. वाया कशाला घालवायचा?"

आम्ही हळूहळू सरावलो. आई तर म्हणायची, "वन्संना सोबत आहे, बरंच आहे." आतोबा हयात असताना फारसे बोलत नसत. आता मात्र त्यांना पुष्कळ गोष्टींत मत होतं, आणि ते नेमकं आमच्या भल्याचं असे. मी ऑफिसला निघालो, की आतून हाक येई, "छत्री ने रे. हे म्हणताहेत, आज पाऊस आहे." छत्री नेली की पाऊस पडायचाच असं नाही, पण भर उन्हात छत्री घेऊन जातानासुद्धा आपली कोणीतरी काळजी करतं आहे असं वाटायचं. धाकटी बहीण परीक्षेहून आली की आधी स्टुलापाशी उभी राहून पेपर कसा गेला ते सांगायची. तीन वर्षं अशी गेली.

१९७७ सालच्या मार्गशीर्षात बहिणीला बघायला मंडळी यायची होती. मी तेव्हा बँकेत नुकता कायम झालो होतो आणि आपल्याला जगातलं सगळं कळतं अशी माझी खात्री होती. कांदेपोहे झाले, चादरी बदलल्या, शेजारून दोन खुर्च्या आणल्या. मुलाचे वडील आत आले. नेमका चहाचा सुमार. खुर्च्या सोडून गृहस्थ स्टुलाकडे वळले, आणि आत्या लगबगीनं पुढे येऊन अगदी आर्जवानं म्हणाली, "तिथे नका हं बसू. हे बसलेत."

पुढचं सांगायला नको. पोहे संपले, 'कळवतो' म्हणून मंडळी गेली आणि आठ दिवसांत पत्रिका जमत नसल्याचा निरोप आला. पत्रिका आधीच जमवलेली होती.

त्या रात्री मी आत्याला बोललो. ओरडलो नाही. ओरडलो असतो तर बरं झालं असतं. मी तिला समजावून सांगितलं. एका सुशिक्षित माणसानं सांगावं तसं, मुद्देसूद. आतोबा गेले, त्याला तीन वर्षं झाली, तिथे कोणी नाही, तुझ्यामुळे पोरीचं लग्न अडेल. आत्या शेवटपर्यंत ऐकत होती. "बरं," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साडेचारला तिनं एकच कप चहा ओतला.

माझी सुई बरोबर लागली होती. आत्या बरी झाली. कोणापुढे काही वावगं बोलली नाही. पुढच्याच वर्षी बहिणीचं लग्न चांगल्या घरी झालं, त्यात आत्या रीतसर मिरवली. महागाई आणि गुडघे ह्यांखेरीज तिला बोलायला विषय उरला नाही. त्या स्टुलावर आम्ही इस्त्रीचे कपडे ठेवू लागलो. छत्री ने, असं मला पुन्हा कोणी म्हणालं नाही. १९९० साली ती गेली.

हे सगळं मी त्या रात्री पहिल्यांदा हिला सांगितलं. आमचं लग्न १९७९ चं. ही बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "अहो, पण मला तर आत्या कायम गप्पच आठवतात. मला वाटायचं, त्यांचा स्वभावच तसा."

ते वाक्य मला फार लागलं. जिच्याबरोबर माझी आत्या अकरा वर्षं राहिली, तिला माझी आत्या भेटलीच नव्हती.

आता एक कबुली. व्हीटाबाईंनी केली तशी. त्या काळात मी रात्री अंधारात पाणी प्यायला उठलो, की त्या स्टुलाला वळसा घालून जात असे. कोणाला धक्का लागू नये म्हणून. आत्याला 'तिथे कोणी नाही' असं सांगितल्यानंतरसुद्धा कित्येक दिवस मी तसाच जात होतो. मला ठाऊक होतं आणि तरी मी तिला शहाणं केलं.

कोणी गैरसमज करून घेऊ नये. मनाचा आजार खरा असतो, त्याला औषध असतं आणि ते वेळेवर घ्यावं. ज्याला कानातले आवाज छळतात, घाबरवतात, त्याला डॉक्टरांकडे न नेणं हा दुष्टपणा आहे. 'हार्वी'तला एलवुड दारूही बेताबाहेर घेतो, आणि चित्रपट त्याकडे सोयीस्कर डोळेझाक करतो, हेही खरं. पण दार ठोठावण्याआधी व्हीटाबाईंनी स्वतःला जो प्रश्न विचारला, तो प्रत्येक घरानं एकदा विचारावा असा आहे. ह्याच्या वेगळेपणाचा त्रास ह्याला होतोय, की पाहुण्यांपुढे आपल्याला होतोय? ज्याच्या सोबतीनं माणूस अधिक मायाळू होतो, तो मित्र डोळ्यांना दिसलाच पाहिजे असं कुठे आहे? चित्रपटाच्या शेवटी व्हीटाबाईंची ती पैशांची थैली पर्समध्येच सापडते. थैली वेळेवर सापडली असती, तर ड्रायव्हरची गोष्ट ऐकायची राहिली असती. मला वाटतं, तेव्हा त्यांनाही कळतं की थैली कोणी लपवली होती. आमच्या घरात थैली लपवणारा कोणी नव्हता.

दुसऱ्या दिवशी सूनबाईनं डॉक्टरांना फोन केला. ते हसले म्हणे. अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठातल्या मार्जोरी टेलर ह्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ह्या विषयाचा पुष्कळ अभ्यास केला आहे. त्यांना असं आढळलं, की सात वर्षांपर्यंतच्या मुलांपैकी सुमारे ६५ टक्के मुलांना कधी ना कधी असा एखादा सोबती असतो, आणि तो खोटाखोटा आहे हे त्या मुलांना पक्कं ठाऊक असतं. इतकं, की फार आस्थेनं प्रश्न विचारणाऱ्या मोठ्या माणसांनाच ती मुलं आठवण करून देतात.

त्याचा प्रत्यय मला त्याच दिवशी आला. दुपारी चहाच्या वेळी मी गुबगुबसाठी वेताची खुर्ची सोडून बाजूच्या मोड्यावर बसलो आणि गंभीरपणे विचारलं, "काय गं, हा चहा घेतो की दूध?"

नातीनं माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं. जवळ येऊन कानात म्हणाली, "आजोबा, तो खोटाखोटा आहे. तुम्हाला माहितीये ना?"

"हो तर!" मी म्हणालो.

एवढ्यात ही स्वयंपाकघरातून चहाचा ट्रे घेऊन आली. माझा कप, तिचा कप, आणि आणखी एक, वाफाळलेला. तो तिनं काही न बोलता रिकाम्या जागेपुढे ठेवला. गुबगुबच्या खुर्चीपुढे नव्हे, त्याच्या पलीकडे. घड्याळात साडेचार वाजले होते. मी त्या कपाकडे पाहत राहिलो.

बऱ्याच वेळानं ही म्हणाली, "निवतोय हो. तुम्हीच घ्या आता. वाया कशाला घालवायचा?"